वगळलेली गोळी

लखनौच्या इंदिरानगरात आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा राष्ट्रीय छात्रसेनेत आहे. मध्यंतरी तो नेमबाजीच्या सरावातला आपला कागद दाखवावयास आला. पाचांपैकी चार छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत इतकी जवळ. पाचवे मात्र दोन बोटे दूर. "उसे मत गिनिए, अंकल, वह तो ग़लती से निकल गई," तो म्हणाला. हे वाक्य मला फार ओळखीचे वाटले.

असा कागद वाचणे हे वस्तुतः न्यायदानच होय. सारी छिद्रे एकवटलेली, पण मध्यापासून दूर असतील, तर बहुधा दोष साइटच्या जुळणीचा असतो; ती थोडी फिरवली की तो सरतो. याउलट विखुरलेल्या छिद्रांतले एखादे नेमके मध्यावर पडले, तर तो योगायोग समजावा. (माणसे पारखताना आपण याच्या उलट करतो, हा भाग वेगळा.) शिवाय गोळ्या वाढल्या की सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर वाढेल किंवा तेवढेच राहील, घटणार कधीच नाही. म्हणून तीन गोळ्यांवरून रायफलीची स्तुती करणे सोपे असते.

मग चुकार गोळी वगळावी की नाही? नेमबाजांत एक जुनी शिस्त आहे: चाप ओढताच, कागदाकडे पाहण्यापूर्वी, गोळी कोठे गेली ते सांगायचे. 'उजवीकडे गेली' असे आधी सांगितले आणि छिद्र तेथेच सापडले, तर दोष हाताचा. 'मध्यावर' म्हटले आणि ती बाहेर गेली, तर संशय रायफलीवर, काडतुसावर किंवा वाऱ्यावर. छिद्र पाहिल्यानंतर सुचलेले कारण या निवाड्यात पुरावाच ठरत नाही. आणि हाताचा दोष ठरला, तरी ती गोळी रायफलीच्या हिशेबातून वगळता येते, नेमबाजाच्या नव्हे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असताना, ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्या बेरजेत अंतिम फेरीची प्रत्येक गोळी आहे. सरावाच्या गोळ्या निराळ्या असतात खऱ्या, पण त्या निराळ्या हे झाडण्यापूर्वीच ठरलेले असते.

गेल्या तिमाहीचे प्रलंबित प्रकरणांचे विवरणपत्र मी तयार केले. एका विधवेच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या टेबलावर ७ महिने पडून होते. 'अपवादात्मक' म्हणून मी ते गाळले आणि सरासरी २१ दिवसांवर आणली. कारण सुचले ते आकडा पाहिल्यावर.

गोळी सुटली त्याच क्षणी ती चुकल्याचे कळले होते का, असे मी मुलाला विचारले. तो काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. "नहीं," तो म्हणाला.

विवरणपत्राची दुरुस्ती पाठवावयास मला आणखी चार दिवस लागले.