पाहणाऱ्याविना कोरलेले: आयरिश कला आणि दर्शनाचा प्रश्न

धार्मिक कलेचा विचार करताना सहसा असे गृहीत धरले जाते, की मूर्ती, चित्र किंवा कोरीव काम हे भाविकाच्या डोळ्यांसाठी असते. निरक्षराला कथा कळावी आणि उपासकाचे चित्त स्थिर व्हावे, एवढ्यासाठीच ते घडवलेले असते. आयर्लंडमधील कलापरंपरेपुढे हे गृहीतक अपुरे पडते, कारण तेथील अत्यंत परिश्रमपूर्वक केलेले काम अनेकदा नजर पोचणार नाही अशा जागी आढळते. म्हणून, पवित्र वस्तूला पूर्णत्व येण्यासाठी पाहणारा असावाच लागतो का, हा प्रश्न या परंपरेच्या संदर्भात मुळापासून विचारावा लागतो.

मीथ काउंटीत बॉइन नदीच्या वळणावर न्यूग्रेंज नावाचे महापाषाणीय समाधिस्थान आहे. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे केल्टिक भाषा आणि ख्रिस्ती धर्म आयर्लंडमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, ते बांधले गेले. टेकाडासारख्या दिसणाऱ्या या वास्तूभोवती ९७ मोठ्या शिळांचे कडे असून, त्यांपैकी अनेक शिळांवर कठीण दगडाच्या टोकाने टोचे मारून वेटोळी, शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी आणि नागमोडी रेषा कोरलेल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी १९६२ ते १९७५ या काळात केलेल्या उत्खननात असे दिसून आले, की काही शिळांची मातीकडे वळवलेली, बांधकामात कायमची झाकली गेलेली बाजूही कोरलेली आहे. या शिळा आधीच्या एखाद्या वास्तूतून काढून पुन्हा वापरल्या असाव्यात, असे काही पुरातत्त्वज्ञ मानतात, आणि हे मत सहज बाजूला सारण्याजोगे नाही. तथापि ते मान्य केले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. कारण कोरलेली बाजू आत वळवून शिळा बसवणाऱ्यांनाही ते कोरीव काम दिसणे आवश्यक वाटले नव्हते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

याच वास्तूच्या प्रवेशद्वारावर एक झरोका ठेवलेला आहे. दक्षिणायन संपण्याच्या सुमारास, म्हणजे २१ डिसेंबरच्या आसपासच्या पहाटांना, उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरतो, सुमारे १९ मीटर लांबीचा बोळ ओलांडून आतल्या दालनापर्यंत पोचतो आणि जेमतेम १७ मिनिटे तेथे राहतो. ओ’केली यांनी ही घटना १९६७ मध्ये स्वतः पाहिली; परंतु बांधणाऱ्यांच्या दृष्टीने त्या दालनाचे खरे रहिवासी तेथे ठेवलेल्या मृतांच्या अस्थी होत्या. मराठीत दर्शन ‘घेतले’ जाते तसेच ते ‘दिले’ही जाते, आणि न्यूग्रेंजचे मर्म या दुसऱ्या क्रियापदात आहे: येथे डोळा प्रकाशाकडे जात नाही, प्रकाश ठरलेल्या क्षणी येतो.

पाहणाऱ्यावर विसंबून न राहण्याची ही वृत्ती ख्रिस्ती काळातही टिकून राहिली. १८६८ मध्ये लिमरिक काउंटीत सापडलेला, आठव्या शतकातील आर्डा चषक हे मिस्साविधीत द्राक्षारसासाठी वापरायचे चांदीचे पात्र आहे. त्याच्या बैठकीच्या खालच्या बाजूला, जमिनीकडे असणाऱ्या भागात, स्फटिक बसवून त्याभोवती अतिशय नाजूक नक्षी केलेली आहे. पात्र वेदीवर असताना ती कोणालाही दिसत नाही; ते उचलून ओठांशी नेले की मगच ती क्षणभर उघडी होते. इ.स. ८०० च्या सुमारास वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर लिहिलेल्या केल्सच्या पोथीची गोष्टही अशीच आहे. चार शुभवर्तमानांच्या या लॅटिन पोथीत ख्रिस्ताच्या नावाच्या ग्रीक अक्षरांनी एक अख्खे पान व्यापले आहे, आणि त्यातील गुंतागुंतीच्या कित्येक रेषा भिंगाशिवाय नीट कळत नाहीत. उलट मजकुरात मात्र चुका तशाच राहिल्या आहेत. मत्तयच्या दहाव्या अध्यायात ‘तलवार’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘आनंद’ या अर्थाचा शब्द पडला आहे. रोजच्या वाचनासाठी असलेल्या पोथीत अशी चूक दुरुस्त झाली असती. ही पोथी वेदीवर अर्पण करण्याची वस्तू होती, असे म्हणणेच अधिक सयुक्तिक ठरते.

या विचारावर एक गंभीर आक्षेप येतो, तो उंच दगडी क्रुसांचा. लाउथ काउंटीतील मोनॅस्टरबॉइस येथील म्युरेडाखचा क्रूस दहाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्याची उंची पाच मीटरांहून अधिक आहे. त्याच्या पूर्वेकडील बाजूवर अंतिम न्यायाचा देखावा आहे. तेथे देवदूत मायकेल आत्म्याचे वजन करत असताना सैतान खालून तराजूचे पारडे ओढताना दिसतो. हे शिल्प उघडपणे लोकांनी पाहावे म्हणून आहे, यात शंका नाही. परंतु पायथ्याच्या लेखात क्रूस करवून घेणाऱ्या म्युरेडाखसाठी प्रार्थना करण्याची विनंती आहे; कामाची प्रशंसा करण्याची नाही. म्हणून या परंपरेला ‘निष्काम’, म्हणजे फळाची इच्छा नसलेली, म्हणणे चुकीचे होईल. तिला फळ हवे होते, मात्र ते प्रेक्षकाच्या कौतुकात नव्हते.

आधुनिक काळात हा प्रश्न हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) यांच्या रंगीत काचचित्रांत पुन्हा उभा राहतो. काचचित्र हे न्यूग्रेंजच्या झरोक्याचे खरे वारस म्हणावे लागेल, कारण बाहेरून प्रकाश आल्याशिवाय त्याला अस्तित्वच नाही. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाला भेट म्हणून देण्यासाठी आयरिश सरकारने त्यांच्याकडून आयरिश साहित्यावर आधारित खिडकी करवून घेतली, आणि ती पूर्ण झाल्यावर तिच्यातील नग्नता व मद्यपानाचे प्रसंग पाहणाऱ्यांना काय वाटेल, या भीतीने नाकारली. कला केवळ पाहणाऱ्याच्या हवाली केली की तिचे काय होते, हे या निर्णयातून दिसते. ती खिडकी आज अमेरिकेत मायामी बीच येथील एका संग्रहालयात आहे. आणि १९१६ च्या सुमारास कॉर्कच्या होनन चॅपेलमध्ये बसवलेल्या क्लार्क यांच्या अकरा खिडक्या अजूनही त्याच भिंतींत आहेत, जेथे उपासना चालू आहे.