आपल्यासाठी भरवसा, दुसऱ्यासाठी हात

बाराव्या शतकात तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या किनाऱ्यावर आयधाब नावाचं बंदर होतं. तिथून दावीद नावाच्या एका ज्यू व्यापाऱ्यानं इजिप्तमधल्या फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोला, राहणाऱ्या आपल्या थोरल्या भावाला पत्र लिहिलं. वाळवंट ओलांडताना तो आणि त्याचा एक सोबती, असे दोघंच काफिल्याविना पुढे आले होते. वेशीपाशी सामान उतरवत असताना मागून काफिले येऊन पोचले. त्यांतली माणसं लुटली गेली होती, जखमी झाली होती, काही तर तहानेनं वाटेतच मेली होती. दावीदचं सगळं सामान मात्र शाबूत होतं. बाजारात गेला तर बाहेरून आलेल्या मालात निळीखेरीज घेण्याजोगं काही उरलं नव्हतं. एवढं वाळवंट तुडवून रिकाम्या हातानं परतणं त्याच्या जिवावर आलं आणि त्यानं जहाजानं हिंदुस्थानला जायचं ठरवलं. पत्रात तो घरच्या बाईमाणसांना धीर द्यायला सांगतो आणि लिहितो की काळजी करू नका, ज्यानं मला वाळवंटातून वाचवलं तोच समुद्रातही वाचवील.

फुस्तातच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या साठ्यात हे पत्र शेकडो वर्षं पडून राहिलं. आज ते केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्याला ते लिहिलं तो थोरला भाऊ म्हणजे मोशे बेन मैमोन, अर्थात मायमोनिडीस, ज्यू परंपरेतला थोर धर्मशास्त्री, तत्त्वज्ञ आणि वैद्य. आणि दावीद? पुढे तो हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर त्याचा, भावाचा आणि इतरांचाही पैसा बुडाला. मागे विधवा आणि एक लहान मुलगी राहिली.

दावीदनं प्रयत्नांत काही कमी ठेवलं नव्हतं आणि देवावरचा भरवसाही सोडला नव्हता. तरी तो वाचला नाही. मग त्याचा भरवसा खोटा होता का? श्रद्धेची गोष्ट करणाऱ्या प्रत्येकानं या प्रश्नाला सामोरं जायला हवं. कारण जे वाचले त्यांच्याच गोष्टी आपण सांगत राहिलो, तर बुडालेल्यांची श्रद्धा कमी पडली असा अर्थ आपोआप निघतो. तो अर्थ क्रूर आहे.

ज्यू विचारात या दोन बाजूंना दोन नावं आहेत. देवावरचा भरवसा म्हणजे बिताहोन आणि माणसानं करायची खटपट म्हणजे हिश्तादलूत. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. विसाव्या शतकात हझोन ईश या नावानं ओळखले गेलेले रब्बी अवराहम येशाया कारेलित्स (1878–1953) यांनी श्रद्धा आणि भरवसा याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. अडचणीत सापडलेल्या माणसानं आता सगळं आपल्या मनासारखं होणार अशी खात्री बाळगणं म्हणजे भरवसा, ही समजूत त्यांनी त्यात खोडून काढली. उद्या काय होणार हे कुणाला उघड झालेलं नसतं. जे होईल ते आंधळ्या योगायोगानं होणार नाही, त्यामागे देव आहे, एवढंच भरवसा सांगतो. दावीदच्या बाबतीतल्या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर इथे मिळतं. भरवशाच्या बदल्यात फळ मागायचं नसतं. उद्याचं काही ठाऊक नसतानाही आजचं काम धीरानं करता यावं, यासाठी तो असतो.

मग काम किती करायचं? तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथात यावर दोन रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, मतभेद नोंदलेला आहे. रब्बी यिश्माएल म्हणत की तोरानंच, म्हणजे मूळ धर्मग्रंथानंच, धान्य गोळा करायला सांगितलं आहे, तेव्हा शास्त्राचा अभ्यास करा आणि जगरहाटीप्रमाणे शेतीही करा. रब्बी शिमोन बार योहाय यांना हे मान्य नव्हतं. नांगरणीच्या वेळी नांगरणी, पेरणीच्या वेळी पेरणी, कापणीच्या वेळी कापणी करत बसलं तर अभ्यासाचं काय व्हायचं, असं ते विचारत. माणसं देवाच्या इच्छेनं वागली तर त्यांची कामं दुसरे करतील, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या काळातले पंडित अबाये यांनी या वादावर शेरा मारला तो अनुभवाचा : यिश्माएलच्या वाटेनं पुष्कळ जण गेले आणि त्यांचं साधलं, शिमोनच्या वाटेनंही पुष्कळ गेले, त्यांचं साधलं नाही. आणि रावा हे गुरू आपल्या शिष्यांना सांगत की निसान आणि तिश्री या दोन महिन्यांत माझ्यासमोर येऊच नका. पहिला महिना धान्याच्या कापणीचा, दुसरा द्राक्षं आणि जैतून गाळण्याचा. तेवढे दिवस शेतात राबा, म्हणजे वर्षभर पोटाची चिंता तुमच्या अभ्यासाच्या आड येणार नाही. स्वतः गुरू शिष्याला वर्गातून शेतावर पाठवतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र शिमोन बार योहाय यांना निव्वळ हट्टी ठरवून पुढे जाणं बरोबर नाही. रोमन सत्तेनं त्यांना मृत्युदंड फर्मावला, तेव्हा ते मुलाला घेऊन एका गुहेत लपले. तिथे होतं ते कॅरोबचं एक झाड आणि पाण्याचा झरा. कथा सांगते की दोन्ही त्यांच्यासाठीच उगवले होते. 12 वर्षं गुहेत काढून ते बाहेर आले, तर माणसं नांगरत आहेत, पेरत आहेत. शाश्वत जीवन सोडून हे क्षणभंगुरात गुंतलेत, असं म्हणून त्यांनी जिथे नजर टाकली तिथलं सगळं जळून गेलं. तेव्हा आकाशवाणी झाली : माझं जग नासवायला बाहेर आलात का? परत गुहेत जा. आणखी 12 महिन्यांनी ते पुन्हा बाहेर आले, तेव्हा मुलाची नजर अजूनही जिथे इजा करी, तिथे शिमोन ती आपल्या नजरेनं बरी करत. पुढे गावात येऊन त्यांनी लोकांना विचारलं, इथे काही दुरुस्त करण्याजोगं आहे का? ज्यांनी कधी नांगराला नावं ठेवली होती, तेच आता लोकांच्या वाटेतली अडचण दूर करायला निघाले होते. चमत्कारानं जगलेल्या माणसाला चमत्काराची परतफेड दुसऱ्याच्या कामी येऊन करावीशी वाटली, हे या कथेचं सार आहे असं मी मानतो.

मायमोनिडीस या वादात कुठे उभे आहेत ते स्पष्ट आहे. राजा हिज्कीया यानं औषधांचा एक ग्रंथ दडवून ठेवला, अशी जुनी नोंद आहे. लोक औषधांवर विसंबून देवाला विसरू लागले म्हणून त्यानं तसं केलं, असा अर्थ काही जण लावत. मायमोनिडीस यांनी तो फेटाळला. भूक लागल्यावर माणूस भाकरी खातो, तेव्हा त्यानं देवावरचा भरवसा सोडला असं आपण म्हणतो का? भुकेवर भाकरी तसं आजारावर औषध. दोन्ही दिल्याबद्दल देवाचे आभार मानावेत, असं त्यांचं म्हणणं. आपण फक्त शास्त्राभ्यास करायचा आणि लोकांच्या दानावर जगायचं, असं ठरवणाऱ्यालाही त्यांनी आपल्या धर्मसंहितेत कडक शब्दांत दोष दिला आहे.

हे त्यांनी केवळ लिहिलं नाही. दावीद गेल्याची बातमी आल्यावर जवळजवळ वर्षभर ते तापानं आणि दुःखानं अंथरुणाला खिळले होते. पुढे आठ वर्षांनीही एका परिचिताला लिहिताना ते कळवतात की अजून सांत्वन होत नाही, त्याच्या हातचा एखादा कागद किंवा पुस्तक दिसलं की काळजात कालवतं. पण ते उठले आणि वैद्यकी करू लागले. 1199 मधल्या एका पत्रात त्यांनी आपला दिवस सांगितला आहे. सकाळी सुलतानाच्या वाड्यावर जायचं, दुपारनंतर उपाशीपोटी घरी यायचं, तर ओटी-अंगण रुग्णांनी भरलेलं. ज्यू, बिगरज्यू, लहानथोर सगळे. घाईनं चार घास खाऊन मग रात्रीपर्यंत तपासायचं. शेवटी थकव्यानं आडवं पडूनच औषधं सांगायची. भावाच्या जाण्यानं या माणसाचा भरवसा मोडला असता तरी कुणी दोष दिला नसता. भरवसा मोडला नाही आणि हातही थांबले नाहीत.

प्रयत्नांना दुसऱ्या टोकाची मर्यादाही हवी. ती कुठे, हे तोरातल्या मान्नाच्या गोष्टीत सांगितलं आहे. इजिप्तमधून सुटलेल्या लोकांना वाळवंटात रोज सकाळी अन्न मिळे, पण ते वेचायला प्रत्येकानं बाहेर पडायचं. माणशी एक ओमर. जास्त वेचणाऱ्याकडे जास्त उरलं नाही, कमी वेचणाऱ्याला कमी पडलं नाही. ज्यांनी उद्यासाठी साठवलं, त्यांच्या अन्नात सकाळी किडे झाले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते टिके, कारण सातव्या दिवशी, शब्बाथला, वेचायला जायचंच नव्हतं. सहा दिवस वाकून वेचणं ही खटपट, सातव्या दिवशी घरात बसणं हा भरवसा.

हा भरवसा आपल्या कोकणानं डोळ्यांनी पाहिला आहे. परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्रायली ज्यूंनी रायगडच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवले. हिब्रू भाषा मागे पडली, ग्रंथ हातचे गेले, घरची बोली मराठी झाली. तरी शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाण्याला बैल जुंपला गेला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिलं. हातावर पोट असलेल्या माणसानं आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवायचा, म्हणजे कमाईचा सातवा हिस्सा सोडायचा. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, ही धास्ती दर आठवड्याला असणारच. पोथी जवळ नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या त्या धास्तीला त्यांनी जुमानलं नाही. रविवारी मात्र बैल पुन्हा घाण्याला असे, कारण सहा दिवस राबणं हेही शब्बाथच्याच आज्ञेत येतं.

आपल्यापैकी अनेकांना आज हा सातवा दिवस उरलेला नाही. रात्री अकरालाही फोनवर कामाचे निरोप येतात आणि उत्तर दिलं नाही तर मागे पडू, असं वाटतं. मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांचं आजारपण, कर्जाचे हप्ते, सगळं आपल्याच धडपडीवर टेकलेलं आहे असं समजून आपण झोप गमावतो. करायचं ते केल्यावर थांबता येणं, हीही साधना आहे. ती रोज थोडी थोडी करावी लागते.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोमन सुभेदार टर्नस रूफस यानं रब्बी अकिवा यांना विचारलं होतं, तुमच्या देवाचं गरिबांवर प्रेम आहे, तर तो त्यांना जेवू का घालत नाही? अकिवा म्हणाले, त्यांच्यामुळे आम्ही तरून जावं म्हणून. रूफसनं दाखला दिला : राजानं रागावून गुलामाला कोंडलं, त्याला अन्नपाणी देऊ नका असं बजावलं, आणि कुणी जाऊन त्याला जेवू घातलं, तर राजा चिडणार नाही का? अकिवांनी उत्तर दिलं, कोंडलेला राजाचा मुलगा असला तर? त्याला जेवू घालणाऱ्याला राजा बक्षीसच देईल.

रूफसचं बोलणं वरवर धार्मिक वाटतं. देवानंच ठेवलंय त्याला तसं, आपण कोण मधे पडणार? हे वाक्य आपणही वेगवेगळ्या शब्दांत बोलतो. नोकरी गेलेल्या मित्राला आपण म्हणतो, देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, एकट्या पडलेल्या म्हातारीला, दवाखान्याच्या बिलापुढे हतबल झालेल्या कुटुंबाला हेच सांगून आपण मोकळे होतो. अकिवांचं उत्तर ही पळवाट बंद करतं. भरवसा ही स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखापुढे उभं राहण्याची ताकद आहे. दुसऱ्याच्या दुःखापुढे मात्र आपल्याला जणू देव नाहीच, सगळं आपल्यावरच आहे, असं समजून हात पुढे करायला हवा.

स्वतःच्या ताटाची चिंता देवावर सोपवता आली तर जरूर सोपवावी. शेजाऱ्याच्या ताटाची चिंता त्यानं आपल्यावर सोपवली आहे. या आठवड्यात कुणाला देवावर भरवसा ठेव असं सांगायची वेळ आली, तर आधी विचारूया, मी काय करू शकतो? आणि उत्तर येईल ते करूया.