एक वर्ष पुढचा सोबती

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी अडखळतो तो विषय अवघड असतो म्हणूनच, असे गृहीत धरून साहाय्याच्या बहुतेक योजना आखल्या जातात. प्रत्यक्षात या वर्षी त्याला दोन अभ्यासक्रम एकाच वेळी शिकावे लागतात आणि त्यांपैकी एकच छापलेला असतो. दुसऱ्याला शिक्षणशास्त्रात ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. अमेरिकी अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी 1968 मध्ये शालेय वर्गांच्या निरीक्षणातून पुढे आणलेल्या या संज्ञेचा विस्ताराने अर्थ असा की, संस्थेत टिकून राहण्यासाठी लागणारे पुष्कळसे ज्ञान कोणी उघडपणे शिकवत नाही, मात्र ते प्रत्येकाला असणारच असे धरून सगळा व्यवहार चालतो. जर्नल केव्हा तपासून घ्यावे, तोंडी परीक्षेत उत्तर सुचले नाही तर काय बोलावे, ‘एटीकेटी’, म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची सवलत, घेतल्याने पुढे नेमके काय अडते, महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कोणता दाखला आधी काढून ठेवावा, यांपैकी काहीही माहितीपुस्तिकेत धडपणे सापडत नाही.

ज्या घरात आधीची पिढी महाविद्यालयात गेलेली असते तिथे हे ज्ञान जेवताजेवता मिळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी अशा न दिसणाऱ्या वारशाला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले आहे. मराठी माध्यमातून बारावी करून अभियांत्रिकीच्या इंग्रजी वर्गात बसलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीच्या वाटेवर असलेल्या मुलीकडे हे भांडवल नसते, आणि तिच्या अडचणीला मग सहजच ‘बेसिक कच्चे’ असे नाव दिले जाते. ज्येष्ठ विद्यार्थ्याने नवागताला सोबत करण्याची योजना, म्हणजेच सहाध्यायी मार्गदर्शन, उपयोगी ठरते ती या ठिकाणी. प्राध्यापकाला विषय येतो, परंतु न समजण्याची अवस्था त्याच्या फार मागे पडलेली असते. एकदोन वर्षे पुढे असलेल्याला ती अजून आठवते, आणि त्याला विचारताना आपले अज्ञान गुणपत्रिकेपर्यंत पोहोचेल अशी भीती नसते. मुंबईच्या आयआयटीत नवागतांना ज्येष्ठ विद्यार्थी-मार्गदर्शकांशी जोडून देणारी संस्थात्मक व्यवस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयात, जिथे तिची निकड अधिक, तिथे मात्र हे काम बहुधा वसतिगृहातल्या ओळखीपाळखीवर सोडलेले असते.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवावे ही कल्पना या देशाला नवी नाही. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयाची सूत्रे 1789 मध्ये हाती घेणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने वाळूत अक्षरे गिरवणारी देशी शाळेतली मुले पाहून तो पाठ आपल्या संस्थेत आणला, मोठ्या मुलांकडे धाकट्यांचे अध्यापन सोपवले आणि 1797 मध्ये लंडनमध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांच्या तशाच पद्धतीबरोबर ती इंग्लंडभर पसरली, पण पसरण्याचे एक मोठे कारण होते स्वस्ताई: एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले सांभाळता येत. हा इतिहास विसरता कामा नये, कारण तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर वर्ग चालवणाऱ्या आजच्या संस्थांनाही तोच मोह होऊ शकतो.

याच्या उलट दिशेचा विचार अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 1973 पासून डियाना मार्टिन यांनी उभ्या केलेल्या पूरक अध्यापनाच्या पद्धतीत दिसतो. तिथे दुबळा विद्यार्थी हुडकला जात नाही, तर ज्यात अनेकजण नापास होतात असा विषय निवडला जातो. तो आधी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्या तासांना बसतो आणि नंतर सर्वांसाठी खुली असलेली अभ्यासबैठक घेतो. शिक्का विषयावर बसतो, माणसावर नाही. प्रवेशाच्या यादीतला प्रवर्ग पाहून ‘हा कोट्यातला’ अशी कुजबुज जिथे पहिल्याच आठवड्यात सुरू होते, तिथे हा फरक तपशिलाचा राहत नाही.

ज्येष्ठ-कनिष्ठ नात्याची काळी बाजू महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. रॅगिंगबंदीचा कायदा राज्याने 1999 मध्ये केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी विनियम 2009 मध्ये आले. रॅगिंगचे समर्थन करणारे ‘ओळख वाढते’ असेच म्हणत आले, आणि गैरसोयीची गोष्ट ही की ज्या जवळिकीमुळे मार्गदर्शन साधते तीच छळालाही वाट देते. त्यामुळे भल्या स्वभावाची मुले निवडून भागत नाही. मार्गदर्शकाच्या हाती हजेरी, गुण, खोलीवाटप यांतले काही नसावे, नवागताला कारण न देता मार्गदर्शक बदलता यावा, आणि गंभीर नैराश्य दिसले तर प्रकरण स्वतः न सांभाळता समुपदेशकाकडे पोहोचवण्याचा रस्ता त्याला आधीच दाखवलेला असावा.

निवडीबाबत संस्थांचा ओढा गुणवत्ता यादीकडे असतो, तो बराचसा चुकीचा आहे; एखादा विषय राहून पुढच्या सत्रात सुटलेला विद्यार्थी या कामाला अनेकदा अधिक योग्य असतो. अशा मुलांना मात्र फावल्या वेळात सेवा करणे परवडत नाही, त्यांना संध्याकाळी काम असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना तासांच्या हिशेबाने विद्यार्थ्यांना मोबदला देते; ग्रंथालयात पुस्तके लावण्याचा तास तिथे मोजला जात असेल, तर पहिल्या वर्षाच्या पाच मुलांना गणिताच्या पहिल्या चाचणीतून पार नेण्याचा तासही त्याच वहीत लिहिला जायला हरकत नसावी.