शंभर दाण्यांचा कौल

मृगाआधी परतूरच्या शिवारात घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. जालना जिल्ह्यात बियाण्यांचा धंदा मोठा, पण घरच्या दाण्याची परीक्षा घरीच होते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा ओळी, ओळीत दहा. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे. आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो. कमी निघाले तर बियाणे वाढवायचे, फारच कमी तर बदलायचे.

या सत्तरापाशी जरा थांबा. पोत्यातला दाणा न् दाणा कोणी पाहिलेला नाही. गणिताने बघितले तर पोत्याची खरी उगवण ६१ ते ७९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. प्रयोगशाळेत ४०० दाणे लावतात, तेव्हा हे अंतर निम्म्यावर येते. कष्ट चौपट, शंका मात्र निम्मीच कमी.

हेच गणित दुसरीकडे लावून बघा. समजा, तुमच्यापुढे बाजार समितीच्या काटापट्टीचे सॉफ्टवेअर आहे आणि ते उद्या सुरू करायचे आहे. ३०० चाचण्या घेतल्या, एकही चुकली नाही. मनात ‘निर्दोष’ हा शब्द आला असेल तर तो बाजूला ठेवा. हाती आलेले एवढेच: चुकीचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे, असे ९५ टक्के भरवशाने म्हणता येते. दिवसाला हजार पट्ट्या निघाल्या तर सरासरी दहापर्यंत चुकू शकतात. तेही चाचण्या खऱ्या वापरातून सरमिसळ उचलल्या असतील तरच. की पोत्याच्या तोंडचे टपोरे दाणेच वेचले होते? पट्टी छापताना वीज गेली, एकाच नावाचे दोन शेतकरी लागोपाठ काट्यावर आले, हे कोणी करून पाहिले का?

आणखी सावकाश पुढे या. चाचणीच्या आधी तुमची शंका किती होती? थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला, त्याचे सूत्र इथे कामाला येते: आधीची शंका घ्या, पुरावा जोडा, नवी शंका काढा. समजा, या सॉफ्टवेअरमधला कडत्याचा, म्हणजे वजनातल्या कपातीचा, हिशोब कालच बदलला आहे, छपाईचा भाग तीन वर्षांत हललेला नाही. दोन्हींना सारख्याच चाचण्या वाटणे मला तरी निव्वळ आळस वाटतो.

तेव्हा ‘सुरू करायचे का?’ असे साहेबांनी विचारले, तर हो-नाही म्हणण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून द्या: चुकण्याची शक्यता किती, आणि चुकले तर कोणाचे किती रुपये जातील.