दहा मिनिटांचें मोल

आषाढांतील एका सकाळीं वर्गांत उभे असतां आमचा डावा पायमोजा ओला झाल्याचें ध्यानांत आलें. विषय होता रस्किनचे १८६० सालचे अर्थशास्त्रावरील निबंध. न्याय्य वेतनाचें विवेचन पुढें सरकत होतें आणि ओल अंगठ्याकडून टाचेकडे सरकत होती.

परततांना फाटकाजवळ चिंचेखालीं बसणाऱ्या चर्मकार गृहस्थांस जोडा दाखविला. त्यांनीं तो एकदां वांकवून पाहिला आणि ८० रुपये सांगितले. "दहा मिनिटांच्या कामाचे ऐंशी?" आम्ही म्हणालों. त्यांनीं कांहीं उत्तर न देतां जोडा परत केला.

कृपणपणा स्वतःच्या नांवानें क्वचितच घराबाहेर पडतो. त्यानें त्या दिवशीं स्वावलंबनाचा अंगरखा चढविला. दक्षिण आफ्रिकेंत गांधीजी कॅलनबाख ह्या स्नेह्याकडून चपला करण्यास शिकले आणि स्वतः केलेला एक जोड त्यांनीं जनरल स्मट्स यांस भेट दिला, हें आम्हांस वाटेंतच आठवलें. घरीं पोंचेपर्यंत आमचा जोडा हा चारित्र्याचा प्रश्न झाला होता.

गळती नेमकी कोठें आहे हें शोधण्यासाठीं जोड्यांत कोरडें वर्तमानपत्र कोंबून तो पाण्यांत ठेवावा, म्हणजे कागद जेथें प्रथम भिजतो तेथें भेग समजावी. परातीस गृहिणींनीं हरकत घेतल्यामुळें घमेलें वापरलें. भेग बोटांच्या मुळाशीं आडवी निघाली. प्रत्येक पावलागणिक तळ वांकतो तो तेथेंच. ती जागा पुसून, वाळवून, काचकागदानें खरवडून आम्हीं तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसविला. दोन्ही पृष्ठांस सोल्यूशन लावल्यावर तें बोटास चिकटेनासें होईपर्यंत थांबावें लागतें आणि मग एकदांच जोरानें दाबावें लागतें. थांबणें आमच्या स्वभावांत नाहीं. उत्साहाच्या भरांत उजव्या, न गळणाऱ्या जोड्यासही एक ठिगळ लावून टाकलें. दोन संध्याकाळी आणि १४० रुपये खर्ची पडले. चौथ्या दिवशीं पायमोजा पुन्हां भिजला.

त्या ओल्या पायानें आम्हांस आमचेंच एक वाक्य आठवलें. दहा मिनिटांच्या कामाचे ऐंशी! रस्किननें १८७७ सालीं व्हिस्लर ह्या चित्रकाराची अशीच संभावना केली होती. एका चित्राला २०० गिनी मागणें म्हणजे त्याला निव्वळ उद्धटपणा वाटला. व्हिस्लरनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. दोन दिवसांच्या श्रमाचे एवढे पैसे कां, असें १८७८ सालीं न्यायालयांत विचारलें गेलें, तेव्हां आपण जन्मभराच्या ज्ञानाचें मोल मागतों आहों, असें त्यानें सांगितलें. पंचांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला, पण भरपाई दिली एक फार्दिंग! हा प्रसंग आम्हीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस रंगवून सांगितला आहे. न्याय्य वेतनावर लिहिणाऱ्यानेंच कारागिराशीं अशी हुज्जत घालावी, ह्या विसंगतीवर वर्ग हंसतो, आम्हीही हंसतों.

एका स्नेह्यांचें म्हणणें, किंमत बाजार ठरवितो, तिच्यांत नीति कशाला आणतां? हें अगदींच खोटें नाहीं. पलीकडच्या कोपऱ्यावर कोणी साठ रुपये सांगितले असते आणि आम्ही तिकडे गेलों असतों, तर त्यांत पाप नव्हतें. परंतु आम्हीं बाजाराचा दाखला दिला नव्हता. घड्याळाचा दिला होता. आमचें स्वतःचें वेतन कोणी तासांच्या घंटेवर मोजूं लागला तर आम्ही चवताळून उठूं. दंतवैद्याच्या खुर्चींत दहा मिनिटें बसून तो मागेल तें आम्ही निमूटपणें देतों. तेथें भिंतीवर चौकटींत पदवी टांगलेली असते. झाडाखालच्या माणसाची पदवी त्याच्या अंगठ्यांत असते, आणि ती वाचण्याचें शिक्षण आम्हांस कोणत्याही विद्यापीठानें दिलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावयास जीभ अडखळते, तरी सांगतों. आमच्या आजोबांच्या काळीं जोडे शिवणाऱ्याची मजुरी ओट्यावरून खालीं टाकली जात असे. आम्ही ती हातांत देतों आणि तेवढ्यावर स्वतःस सुधारक समजतों. पण 'वाजवी' म्हणून जो आंकडा आमच्या मनांत आपोआप उभा राहतो, तो त्या ओट्यावरूनच आलेला नसेल कशावरून? दंतवैद्याच्या बाबतींत असा कोणताच आंकडा मनांत उभा राहत नाहीं.

असो. आम्ही पुन्हां चिंचेखालीं गेलों. त्या गृहस्थांनीं रापीनें आमचें सोल्यूशन खरवडून काढलें. त्यालाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला. मग तळ अंगठ्यानें दाबून दाखविला, तों त्याचा भुगा पडूं लागला. "आंतून फोम गेलाय, सर. ह्याला काय चिकटणार? त्या दिवशीं मीं हाफ सोल धरूनच ऐंशी सांगितले होते." हे पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेनें कपाटांत नुसते पडूनसुद्धां कांहीं वर्षांनीं विरूं लागतात, हें आम्हांस मागाहून रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनीं समजाविलें. त्यांना तें एकदां वांकवूनच कळलें होतें.

खराब भाग काढून त्यांनीं हाफ सोल बसविला, आरीनें कडेनें शिवला आणि १०० रुपये सांगितले. आम्हीं दिले. मग उजव्या जोड्यावरील ठिगळाकडे पाहून "हें कोणीं केलें?" म्हणून त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें. अंगठा फिरवून ते म्हणाले, "राहूं द्या. गणपतीपर्यंत जाईल."

काल अनंत चतुर्दशी झाली. ठिगळाचा एक कोपरा सुटला आहे.