टाकीची पातळी आणि बॅटरीची काटकसर

उद्यमबाग, बेळगाव

चि. बाळास,

निपाणीच्या मळ्यातल्या टाकीला पातळी सांगणारं यंत्र करतोयस, असं ताईकडून कळलं. बेळगावात ज्या भागांत २००८ साली चोवीस तास पाणी सुरू झालं, त्यांना टाकीत डोकवायची गरज उरली नाही. मळ्यावर मात्र थ्री-फेज येईल तेव्हा मोटर चालणार, म्हणून यंत्र बॅटरीवरच हवं.

भंगारातला डिझेल टाकीचा फ्लोट आणलास, तो परत ठेव. २४० ते ३३ ओहमचा तो प्रकार डिझेलसाठी असतो. पाण्यात त्याची उघडी तार गंजते, आणि करंट सतत वाहता ठेवला तर फारच लवकर. शिवाय त्याच्याशी मालिकेत २४० ओहम जोडून ३.३ व्होल्ट दिलेस, की साधारण १० मिलीअँपिअर जातात. २४०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत बसली!

त्यापेक्षा बंद पीव्हीसी नळीत दर २० मिलिमीटरला एक रीड स्विच बसव, आणि दोन स्विचांमध्ये २०० ओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर. बाहेरून चुंबकाचा फ्लोट सरकेल. चुंबक असा निवड की पुढचा स्विच लागल्यावरच मागचा सुटेल. मीटरभर उंचीला सगळे मिळून १० किलोओहम होतात. दहा बिटांचा एडीसी पुरतो; सोळा बिटांच्या चिपचा हव्यास नको, माप शेवटी २० मिलिमीटरच्या पायरीनंच येणार.

करंट वाचवायला कोणी १०० किलोओहमचे रेझिस्टर सुचवील. ऐकू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात सांध्यांवर ओल धरते, आणि एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सशेजारी ती ओलही रेझिस्टर होऊन बसते. काटकसर वेळेत कर. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनमधून सर्किटला वीज दे, काही मिलीसेकंद थांब, माप घे, पिन बंद कर. दहा मिनिटांतून एकदा बास. टाकी काही पळून जात नाही. एडीसीचा संदर्भ व्होल्टेजही त्याच बॅटरीचा घे, म्हणजे बॅटरी उतरली तरी दोन्ही बाजू सारख्याच उतरतात आणि गुणोत्तर ढळत नाही. अचूकतेचं मर्म मला तरी इथंच वाटतं. आणि तयार बोर्डावरचा लाल दिवा आधी उपटून काढ: चिप झोपेत मायक्रोअँपिअरवर भागवते, दिवा एकटा काही मिलीअँपिअर खातो.

मोटर चालू असताना पाणी हिंदकळतं. पाच मापं घेऊन मधलं निवड. सरासरीत एखादं भलतं माप सगळ्यांना ओढतं. लिटर काढायचे तर मापाच्या घागरीनं टाकी भरत आकडे टिपून ठेव. उभ्या टाकीत उंची आणि लिटर सोबत चालतात. आडव्या गोल टाकीत पाव उंचीला पाव नव्हे, जेमतेम साडेएकोणीस टक्के पाणी असतं.

एक गोष्ट प्रोग्राममध्ये विसरू नकोस. टाकी जितकी रिकामी तितका रेझिस्टन्स जास्त, अशी तुझी जोडणी असेल. साखळीच्या एकूण रेझिस्टन्सएवढाच एक ठरावीक रेझिस्टर पिन आणि साखळीमध्ये मालिकेत ठेवलास, की रिकामी टाकी एडीसीच्या निम्म्या आकड्यावर थांबते. उंदरानं तार कुरतडली तर आकडा थेट टोकाला जातो. त्याला ‘टाकी रिकामी’ समजू नकोस, ‘तार तुटली’ असं वेगळं दाखव. नाहीतर लाईट असेपर्यंत मोटर चालेल आणि पाणी शेजाऱ्याच्या तंबाखूत.

तुझा,
मामा