वडावरचा यक्ष आणि लोणारचा असुर

‘या वडावर यक्ष राहतो’ हे भारतीय तर्कशास्त्रातले एक ठरीव उदाहरण आहे. यक्ष कोणी पाहिला, कधी पाहिला, ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, याचा पत्ता नाही. सांगणाऱ्यांची साखळी मात्र कुठे तुटत नाही. अशा निनावी, परंपरेने आलेल्या कथनाला ‘ऐतिह्य’ म्हणतात. पौराणिकांनी त्याला ज्ञानाचे स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण मानले. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तो मान दिला नाही. ऐतिह्य खरे असेल तर ते शब्दप्रमाणातच, म्हणजे विश्वासू माणसाच्या वचनातून मिळणाऱ्या ज्ञानातच, मोडते, त्याला वेगळे पान मांडायची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. सांख्यतत्त्वकौमुदीत वाचस्पती मिश्राने हा मुद्दा आणखी आवळला: मूळ सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह होता हे कळले तर ते शब्दप्रमाण, कळले नाही तर निव्वळ संशय. पण संशय म्हणजे खोटेपणा नव्हे. यक्ष नाहीच असे वाचस्पती म्हणत नाही. वडाखालून जाणाऱ्याच्या हाती निर्णय करण्याजोगे काही नाही, एवढेच तो सांगतो.

वऱ्हाडात असे वड गावोगाव आहेत, आणि सगळ्यांवरचे यक्ष एका जातीचे नाहीत.

अकोल्याच्या स्थापनेची कथा पाहावी. अकोलसिंग नावाच्या सरदाराला ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. ही भूमी पाणीदार आहे असे समजून त्याने तेथे मातीचा कोट घातला. पुढे औरंगजेबाच्या काळात असदखानाने पक्की तटबंदी बांधली आणि किल्ल्याला असदगड हे नाव पडले. असदखान इतिहासातला माणूस आहे, त्याच्याबद्दल वाद नाही. अडचण सशाची आहे. हाच ससा तुंगभद्रेकाठी हरिहर-बुक्कांना दिसला आणि विजयनगर वसले; साबरमतीकाठी अहमदशहाला दिसला आणि अहमदाबाद वसले. तीन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून जबानी देऊ लागले की न्यायालय त्यांना पढवलेले साक्षीदार समजते. फिरत्या कथेचेही तसेच आहे. अकोलसिंग नव्हताच, असे त्यावरून ठरत नाही. पण सशाची साक्ष बाद होते. गावाला मूळपुरुष हवा असतो आणि मूळपुरुषाला शकुन हवा असतो. तयार शकुन कुठून तरी उसना येतो.

अमरावतीच्या अंबादेवीची कथा याच्या शेजारी बसते. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला आली असता कृष्णाने तिचे हरण केले ते याच देवळातून, आणि देवळापासून थेट कौंडिण्यपूरपर्यंत भुयार आहे, असे सांगतात. कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी, अमरावतीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. एवढ्या लांबीच्या भुयाराला हवा कुठून मिळणार आणि खणून काढलेली माती टाकली कुठे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. तरी ही कथा सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी 1960च्या दशकात कौंडिण्यपूरला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातली आणि त्याहून जुनी वस्ती तेथे मिळाली. रुक्मिणीची साक्ष मातीतून निघत नाही. पण विदर्भाची जुनी नगरी इथे होती, ही लोकांची समजूत हवेतली नव्हती.

नरनाळ्याची कथा विशेष, कारण तिची परीक्षा झाली. अकोट तालुक्यात सातपुड्याच्या माथ्यावर असलेल्या या किल्ल्यावर पुष्कळ तलाव आहेत. त्यांपैकी शक्कर तलावाच्या तळाशी परीस आहे, अशी जुनी वदंता. 1899-1900च्या मोठ्या दुष्काळात, म्हणजे संवत 1956च्या छप्पनच्या दुष्काळात, हा तलाव आटला. तळ उघडा पडला. परीस मिळाला नाही. एरवी दंतकथेची तपासणी करायला कोणी जात नाही. इथे निसर्गानेच पाणी काढून घेतले. तरीही कथा मेली नाही, ती आजही सांगतात. अशा कथांना पळवाट जन्मतःच असते: परीस पुण्यवानालाच दिसतो, किंवा कोणीतरी तो आधीच नेलेला असतो. खोटे ठरण्याची सोय ज्या विधानात नाही ते विधान खरेही ठरत नसते. नरनाळ्याच्या कथेत मात्र ती सोय होती. ‘तळाशी’ हा एक शब्द तिने जबाबदारीने वापरला होता.

शिरपूरची गोष्ट याहून नाजूक आहे. हे गाव आज वाशिम जिल्ह्यात येते. 1998पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती आहे. अचलपूरच्या राजाचा कुष्ठरोग एका तळ्याच्या पाण्याने बरा झाला, त्या तळ्यात ही मूर्ती सापडली, गाडीत घालून नेताना मागे वळून पाहायचे नाही ही अट राजाने मोडली आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहिली, अशी कथा. पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जात असे. आता कापड सरकवता येईल एवढीच फट राहिली आहे, असे भाविक सांगतात. चमत्कार मोठा तो नेहमी भूतकाळात, आणि तपासता येईल तो लहान. संशयखोराला इथे हसू येईल, पण परंपरेचा प्रामाणिकपणाही इथेच दिसतो. घोडेस्वार आजही जातो, असे कोणी म्हणत नाही. दिगंबर आणि श्वेतांबर या जैन पंथांतला या मंदिराचा वाद 1929 साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही पोहोचला. तो वाद मूर्तीच्या व्यवस्थेचा आणि पूजेच्या हक्काचा होता. मूर्ती तरंगते की नाही, हे ठरवण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि त्यात न्यायालयाने पडू नये हे योग्यच.

सगळ्यांत मोठा वड बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. लवणासुर जमिनीखाली राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचा अवतार घेऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त आणि खार हे त्याचे कुजलेले मांस. लोणार गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच कथेचे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली काठापासून दीडशे मीटरच्या आसपास. काठ उचललेला, खडकांचे थर बाहेरच्या बाजूला कललेले. जणू खरोखरच झाकण उडाले. युरोपीय अभ्यासक दीर्घकाळ त्याला ज्वालामुखीची करणी समजत होते. तळातल्या खडकांत मास्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले खनिज सापडले आणि 1973 साली उल्कापाताचा पक्ष भक्कम झाला. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. तेव्हा अलौकिक आघाताने भूमी फुटली हे सांगण्यात अनेक विद्वानांपेक्षा कथा आधी बरोबर होती. खाराचे कारण मात्र तिने चुकीचे दिले. आघाताचा त्याच्याशी थेट संबंध नाही. सरोवराला बाहेर वाट नाही. आलेले पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात.

जून 2020मध्ये हेच पाणी गुलाबी झाले. पाऊस कमी, पातळी खाली, क्षारता वाढलेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव त्यात निघाले. पाणी असुराचे रक्त आहे, असे पूर्वी कोणाला का वाटले असेल, याचा एक तर्क त्यातून करता येतो. तर्कच, कारण जुन्या काळी पाणी असे रंगल्याची नोंद हाती नाही.

मग लवणासुराची कथा ही कोणा पाहणाऱ्याची आठवण आहे काय? हा प्रश्न विवराच्या वयावर अडतो. तापदीप्ती पद्धतीने ते सुमारे 52,000 वर्षे निघाले होते. तेव्हा या भागात माणसे असू शकत होती. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन कालमापनाने ते सुमारे 5,70,000 वर्षे निघाले. एवढ्या मागे आजचा मानव कुठेच नव्हता. दुसरा आकडा धरला तर सांगणारा आप्त असण्याची शक्यताच उरत नाही. पहिला धरला तरी पन्नास हजार वर्षे एक कथा टिकली असे मानावे लागते, आणि ते यक्षावर विश्वास ठेवण्याहून अवघड आहे. उरतो तो सोपा मार्ग: कोणीतरी काठावर उभे राहिले, बाहेर कललेले दगड पाहिले, खारट पाणी चाखले आणि हे खालून आपोआप झालेले नाही असे ताडले. तसे असेल तर लवणासुराची कथा शब्दप्रमाणाच्या रांगेत चुकून उभी आहे. तिची जागा अनुमानात, म्हणजे खुणांवरून काढलेल्या निष्कर्षात, आहे.